अठ्ठेचाळीस तास

"सर, जोडून टाकलंय. आता फक्त अठ्ठेचाळीस तास."

हे वाक्य पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा आमच्या सभासदांची मृगबागेची लावण नुकतीच उरकली होती. काल दुपारी तेच वाक्य फोनवर परत ऐकलं, तेव्हा खिडकीखाली त्याच बागेचे घड ट्रकमध्ये चढत होते. केळीला लावणीपासून कापणीपर्यंत अकरा-बारा महिने लागतात. केळ निसवली, घड भरले, कापणी झाली, पट्टीसुद्धा हातात आली. अठ्ठेचाळीस तास काही संपले नाहीत.

ओळखलंत ना त्याला? आमच्या अर्धापुरात त्याचं दुकान नांदेड रोडला आहे, तुमच्याकडे तहसीलसमोर असेल, एवढाच फरक. बाहेर फ्लेक्स: आधार, पॅन, सातबारा, पीकविमा, लाइट बिल, झेरॉक्स. आत दोन कॉम्प्युटर, त्यांतला एक कायम 'अपडेट व्हायलाय'. या माणसाचा मूळ धंदा जोडण्याचा. आधारला पॅन जोड, आधारला बँक जोड, रेशनकार्डाला मोबाइल जोड. सरकारने गेल्या काही वर्षांत माणसाचे इतके तुकडे केले की ते एकमेकांना जोडत बसणारा एक नवा बलुतेदारच गावोगाव तयार झाला. बलुत्याऐवजी तो पन्नास रुपये घेतो.

गावात त्याला नावाने कोणी हाक मारत नाही. सगळे 'अठ्ठेचाळीस' म्हणतात. "अठ्ठेचाळीस आहे का दुकानात?" "आता चहाला गेलाय." "कधी येईल?" यावर शेजारचा कटिंगवाला जे उत्तर देतो, ते मी लिहायची गरज नाही.

आमचं प्रकरण असं. आमची शेतकरी उत्पादक कंपनी. कंपनी म्हटल्यावर काच नि लिफ्ट डोळ्यांसमोर आणू नका. कृषी सेवा केंद्राच्या माडीवर दोन खोल्या, एक वजनकाटा आणि मी. अर्धापुरी केळीचं नाव मोठं, पण हल्ली परप्रांतातला व्यापारी घड बघायच्या आधी वेबसाइट बघतो. म्हणून संचालक मंडळाने वर्डप्रेसवर एक चकचकीत वेबसाइट करून घेतली. आणि कंपनीचा ब्लॉग मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून ब्लॉगरवर होता. तो आमच्या आधीच्या सचिवांनी, म्हणजे काकांनी, एका बोटाने टाइप करून चालवलेला. करपा कसा ओळखावा, पिलं कधी कापावीत, वाऱ्याला आडोसा म्हणून बांधावर शेवरी कशी लावावी, असलं सगळं. काका वारले. ब्लॉग राहिला. अध्यक्ष म्हणाले, दोन-दोन दुकानं कशाला? ब्लॉग वेबसाइटला जोडा, जुनं बंद करा, सगळीकडे ऑफिसचा एकच नंबर टाका. ठराव झाला. सूचक एक, अनुमोदक दोन, आणि काम अठ्ठेचाळीसकडे.

आता ब्लॉगर आणि वर्डप्रेस ही दोन वेगळी घराणी. ब्लॉगर निघालं १९९९ साली, २००३ मध्ये ते गूगलने विकत घेतलं आणि त्याच वर्षी वर्डप्रेस जन्माला आलं. एकाचं सामान दुसऱ्याच्या घरात सरळ मांडता येत नाही. लातूरकडच्या जुन्या माणसांना हे चटकन कळेल. कुर्डुवाडीला लातूरची छोटी गाडी यायची, रुळांतलं अंतर अडीच फूट. शेजारी मोठ्या लाइनची गाडी, साडेपाच फूट. स्टेशन एकच, पण डबा काही या रुळावरून त्या रुळावर जायचा नाही. मधल्या तीन फुटांसाठी हमालांनी पाठीवरून पोती वाहिली. मी हा दाखला अठ्ठेचाळीसला मोठ्या हौसेने दिला. तो म्हणाला, "बरोबर सर. हमाली किती देणार?"

मार्ग तीन आहेत, असं त्याने कागदाच्या डिशमधला चिवडा बाजूला सारून, त्याच डिशवर काढून दाखवलं. पहिला, मेनूत नुसती लिंक टाकायची. पाच मिनिटांचं काम. "पण ते जोडणं नव्हे सर. ते पत्ता सांगणं झालं. पाव्हण्याला दारातून मनायचं, ते बघा त्यांचं घर तिकडं हाय." दुसरा, आपल्याच नावामागे 'ब्लॉग' लावून एक उपनाव काढायचं आणि डोमेनच्या वहीत सी-नेम नावाची एक नोंद करायची, की या उपनावाचा माणूस गूगलकडे राहतो. म्हणजे पाटी आपली, घर त्यांचं. यात जुना पत्ता टाकला तरी ब्लॉगर स्वतःच माणसाला नव्या पत्त्यावर नेऊन सोडतं. तिसरा, सगळे लेख उचलून वर्डप्रेसमध्ये आणायचे. फोटो मात्र मागे गूगलकडेच राहण्याचा धोका, ते वेगळे आणावे लागतात. मंडळाला तिसरा हवा होता. तो म्हणाला, आधी दुसरा करू, मग तिसरा. आणि दुसऱ्याला फैलायला अठ्ठेचाळीस तास.

फैलायला! हा त्याचा लाडका शब्द. डोमेनमधली नोंद बदलली की ती जगभर 'फैलते'. यात खोटं काही नाही. बसस्टँडच्या पानटपरीवाल्याला एखाद्याचं घर विचारलं तर तो स्वतः जाऊन बघत नाही, मागे कधी ऐकलेलं सांगतो. इंटरनेटवरही वाटेवरची यंत्रं जुना पत्ता काही काळ लक्षात ठेवतात. किती काळ, हे नोंदीसोबतच सेकंदांत लिहिलेलं असतं. डॉट कॉमच्या मुख्य वहीत नेमसर्व्हरच्या नोंदीला हा आकडा १,७२,८०० सेकंद असतो. भागाकार करून बघा: बरोबर अठ्ठेचाळीस तास. एवढ्या एका खऱ्या आकड्यावर या गड्याने आख्खा संसार उभा केलाय.

कारण हा आकडा डोमेनपुरता राहिलाच नाही. चहावाल्याची उधारी: अठ्ठेचाळीस तास. गाडीचं पंक्चर काढून आणतो: अठ्ठेचाळीस तास. पीएम किसानचा हप्ता अडकलेल्या एका म्हातारीला त्याने ई-केवायसी करून सांगितलं, "आजी, अठ्ठेचाळीस तास." आजी म्हणाली, "बाळा, तवर मी ऱ्हाते का?" हप्ता आला, आजीही राहिली, आणि आता ती दर सोमवारी येऊन त्याच्या दुकानातल्या पंख्याखाली बसते. त्याच्या स्वतःच्या लग्नात मुहूर्त टळून दोन तास झाले, नवरदेवाची वरात बँडपुढून हलेना, तेव्हा मांडवातून कोणीतरी ओरडलं, "लावा हो अक्षता! का अजून फैलायलंय?" वधूकडच्यांना विनोद कळला नाही. आता कळत असावा. वहिनींना फ्रीजच्या दुरुस्तीबद्दल विचारल्यावर त्या स्वतःच बोटं मोजून दाखवतात.

तर काल फोन ठेवला आणि माझं डोकं फिरलं. डोमेनचा पासवर्ड माझ्याकडेही होता. चष्मा लावला, खातं उघडलं. पहिली गोष्ट दिसली ती ही, की आमच्याकडच्या नोंदींपुढे आकडा होता ३६००. म्हणजे एक तास. दुसरी गोष्ट त्याहून भारी. त्या यादीत 'ब्लॉग' नावाची ओळच नव्हती. फैलायला काही टाकलेलंच नव्हतं! वर्षभर हा माणूस रिकाम्या शेताला पाणी देत होता.

रात्री साडेनऊला तावातावाने त्याच्या दुकानी गेलो. शटर अर्धं खाली. वाकून आत शिरलो. अठ्ठेचाळीस स्टुलावर बसलेला, समोर स्क्रीनवर काकांचा ब्लॉग, आणि कानाला एक जुना, रबर बांधलेला बटणांचा फोन.

"हौ मामा… नाही, काका नाहीत… मी बोलायलोय, त्यांच्याकडचाच… पानावर पिवळे ठिपके? मधी राखाडी व्हायलेत का? खालच्या पानावर का वरच्या?… थांबा जरा." स्क्रीनवर खाली-वर केलं. "मामा, पयले ती पानं कापा, न् बागंत नका टाकू, भायेर न्या. फवारणीचं उद्या कृषी केंद्रातल्या सायबाला इचारून सांगतो. अठ्ठेचाळीस तासांत फोन करतो."

फोन ठेवून त्याने वहीत लिहिलं. शंभरपानी वही. नाव, गाव, काय विचारलं, कधी फोन केला, कधी उलट फोन केला. मी उभ्या उभ्या वाचली. भोकरचा, मुदखेडचा, वसमतचा, एक तर पार जळगावकडचा. विचारलं सोमवारी, सांगितलं मंगळवारी. विचारलं सकाळी, सांगितलं संध्याकाळी. शेवटच्या रकान्यात मला अठ्ठेचाळीस तास उलटलेला एकही फोन सापडला नाही, आणि मी शोधत होतो.

"हा काकांचा नंबर?"

"हौ. ब्लॉगवर प्रत्येक लेखाखाली हाच हाय ना. लोक अजून लावतात." काकूंना विचारून त्याने सिम स्वतःकडे ठेवलं होतं. सिम नव्वद दिवस नुसतं पडून राहिलं तर बंद पडू शकतं, म्हणून रिचार्ज मारत होता. गूगलही दोन वर्षं कोणी न उघडलेलं खातं पुसू शकतं, २०२३ पासून तसा नियमच केलाय, म्हणून मधूनमधून काकांच्या खात्यात लॉगिन करत होता. ओटीपी याच फोनवर येतो. पैसे? त्यावर तो काही बोलला नाही, चहा सांगायला बाहेर गेला.

मी त्या स्टुलावर बसलो. स्क्रीनवर काकांचा लेख होता, शेवरीवरचा. दर दोन शब्दांनंतर पूर्णविराम, कारण काकांना स्पेसचं बटण सापडायला वेळ लागायचा. लेखाखाली नंबर, आणि त्याखाली: 'रात्री नऊ नंतर केला तरी चालेल. लाईट रात्रीचीच असते.'

हा चहा घेऊन आला. मी म्हटलं, "अरे, मग बैठकीत हे सांगायचं होतंस."

"काय सांगू सर? ठरावात लिहिलंय, एकच नंबर. जोडलं की हा नंबर जाणार." मग जरा थांबून, अगदी धंद्याच्या आवाजात, "तसं तुमी मनालात तर आत्ता टाकतो नोंद. दोन मिनटाचं काम हाय."

"दोन मिनिटांचं?"

"हौ. पण फैलायला—"

"कळलं," मी म्हटलं.

पिशवीतून सोमवारच्या बैठकीची फाइल काढली. विषय क्रमांक चार: कंपनीचा ब्लॉग वेबसाइटला जोडण्याच्या कामाचा आढावा. इतिवृत्त मी नेहमी बैठकीच्या आधीच लिहून ठेवतो, बैठकीत वेळ जात नाही. पेन त्याच्याकडूनच घेतलं आणि विषयापुढे लिहिलं: 'काम पूर्ण झाले असून नोंद फैलण्यास अठ्ठेचाळीस तास लागतील.'

चहाचे पैसे मी देऊ लागलो, तर म्हणाला, राहू द्या सर, उधारीत लिहिलेत.