श्वानविरोधी श्वानपालक

ठाणे, डोंबिवली, चिंचवड, नाशिकरोड... जिथे जिथे इमारतीला लिफ्ट आहे आणि फाटकावर ‘पाहुण्यांनी गाड्या बाहेर लावाव्यात’ अशी पाटी आहे, तिथे हे गृहस्थ हमखास आढळतात. वय पासष्ट ते पंच्याहत्तर. बँक, विमा, पाटबंधारे खातं किंवा जिल्हा परिषद, यांपैकी कुठून तरी निवृत्त. आपण त्यांना अण्णा म्हणू, कारण सगळे त्यांना तेच म्हणतात. त्यांची ओळख पटवणारं एकच वाक्य आहे : “कुत्रं या घरात येणार नाही.” हे वाक्य शेजारून ऐकू आलं की समजावं, कुत्रं आलेलं आहे.

आमच्या मजल्यावरच्या अण्णांकडे तर दोन आली. पहिली भर पावसात पंपाच्या खोलीमागे कुडकुडत बसली होती. मुलीने टॉवेलात गुंडाळून वर आणली आणि म्हणाली, “बाबा, फक्त चार दिवस. चांगलं घर मिळालं की देऊन टाकू.” पाचव्या दिवशी एक कुटुंब पिल्लू बघायला आलंही. अण्णा बँकेतले; कर्जाचे अर्ज नाकारण्याचा तीस वर्षांचा अनुभव त्या दिवशी कामी आला. घर स्वतःचं की भाड्याचं? दिवसभर घरी कोण असतं? मे महिन्यात गावाला जाता तेव्हा कुत्र्याचं काय करणार? शेवटी दार लावून त्यांनी निकाल दिला, “माणसं बरी नाहीत. बशीत ओतून चहा पितात.” पिल्लू राहिलं. दुसरा रिक्षाखाली पाय सापडलेला. तो ‘प्लास्टर निघेपर्यंत’ आला. प्लास्टर निघालं, तो निघाला नाही.

मुलीने रंगावरून नावं ठेवली, खारी आणि बटर. “घर आहे का बेकरी?” अण्णा कडाडले. पण लसीकरणाच्या पुस्तिकेत त्यांनीच स्वतःच्या वळणदार अक्षरात दोन्ही नावांपुढे घराण्याचं आडनाव लिहिलं.

पहिल्या आठवड्यात त्यांनी तोंडी परिपत्रक काढलं होतं : कुत्री बाल्कनीतच राहतील. महिन्याभरात दुरुस्ती झाली : हॉलमध्ये येतील, पण सतरंजीवर. मग ‘सोफ्यावर, पण जुनी चादर टाकून’. आज अण्णा पलंगाच्या काठावर एका कुशीवर झोपतात. मधला भाग खारीचा, पायथा बटरचा. पाठ धरली तर बाम चोळून घेतात, पण कूस बदलत नाहीत. “तिची झोप मोडते हो.” काकू उशी घेऊन केव्हाच दुसऱ्या खोलीत गेल्या. “माझी झोप त्रेचाळीस वर्षं घोरून मोडली, तेव्हा नाही सुचलं,” एवढंच त्या म्हणतात.

अण्णांचं खरं दर्शन घडतं ते कौतुकाच्या वेळी. या पिढीच्या बापांनी पोरांचं कौतुक तोंडावर कधी केलं नाही. पोरं शेफारतात, असा समज होता. मुलाला दहावीला ९१ टक्के मिळाले तेव्हा अण्णांनी “उरलेले नऊ कुठे गेले?” एवढंच विचारलं होतं. तेच अण्णा बटरने घराबाहेर शू केली की रस्त्यात उभे राहून टाळ्या वाजवतात. खारी शेकहँड द्यायला शिकली, तेव्हा मजल्यावरच्या सगळ्यांना बघायला बोलावणं आलं. आम्ही जमलो. अण्णांनी हात पुढे केला. खारीने जांभई दिली. “आज मूड नाही तिचा,” अण्णा म्हणाले. मूड नावाची काही चीज असते, हे त्यांच्या मुलीला बापाच्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मुलगा बंगळूरला असतो. त्याचा व्हिडिओ कॉल आला की अण्णा आधी फोन खाली कुत्र्यांपुढे नेतात. “बघ बघ राजा, दादा आला!” मुलाने एकदा न राहवून विचारलं, “बाबा, मला कधी ‘राजा’ म्हणून हाक मारलीत का हो?” अण्णा क्षणभरच थांबले. “तू कधी मी ऑफिसातून आल्यावर दारात नाचलास का?” यावर मुलाकडे उत्तर नव्हतं. तो तेव्हा बापाच्या चपलांचा आवाज आला की पुस्तक उघडून बसायचा.

घर शाकाहारी. चिकन शिजतं ते बाल्कनीत, वेगळ्या पातेल्यात, इंडक्शनवर. ते आणायला अण्णा स्वतः जातात आणि दुकानाच्या रांगेत ओळखीचं कुणी दिसलं की न विचारता सांगतात, “कुत्र्यांसाठी आहे.” आत घरात पथ्यं वेगळीच. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट हे सगळं कुत्र्यांना घातक. म्हणजे मांसाहार सोडला तर खारी-बटरचा बाराही महिने चातुर्मास चालतो. सत्यनारायणाच्या प्रसादात बेदाणे घालणं बंद झालं. गुरुजींनी विचारलं तेव्हा अण्णा म्हणाले, “खाली सांडले तर कोण जबाबदार?” दत्ताच्या तसबिरीपुढे ते पूर्वीपासून दर गुरुवारी हात जोडत. तसबिरीत चार कुत्री आहेत, याचा उच्चार मात्र हल्लीच सुरू झाला आहे.

सकाळचं वर्तमानपत्र बघण्यासारखं असतं. अण्णा पान पसरून बसले की बटर येतो आणि अग्रलेखाच्या दुसऱ्या स्तंभावर हनुवटी ठेवतो. अण्णा पहिला स्तंभ वाचतात, मग तिसरा. मधला मुद्दा काय असेल, याचा अंदाज बांधतात. पान उलटायचं असेल तर “जरा बाजूला होता का?” असं विचारतात. घरात अहोजाहो मिळवणारा तो एकटाच. संध्याकाळी फिरून आल्यावर आठ पाय जुन्या बनियनने पुसले जातात आणि शेवटचा पाय सुटताक्षणी दोघं वारं प्यायलेल्या वासरांसारखी उधळतात. सोफा, टीपॉय, स्वयंपाकघर, परत सोफा. फुलदाणी गेली, रिमोट चावला गेला, कोल्हापुरीचा अंगठा गेला. “कोणी ठेवली ती चप्पल वाटेत?” अण्णा ओरडतात, काकूंवर.

फिरायला नेताना कुणी तरी विचारतंच, “कुठली जात?” अण्णा मान ताठ करून सांगतात, “भारतीय.” मग गावठी कुत्र्याला आपली हवा कशी मानवते, लांब केसांच्या परदेशी जातीला इथला उन्हाळा कसा सोसत नाही, यावर लिफ्ट येईपर्यंत व्याख्यान. लिफ्टचीही गंमतच आहे. ‘प्राण्यांना लिफ्टमध्ये मनाई’ ही नोटीस सेक्रेटरी असताना अण्णांनीच लावली होती. ती त्यांनीच एका सकाळी खरवडून काढली आणि पुढच्या सर्वसाधारण सभेत भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचना वाचून दाखवल्या : सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. खालच्या कुत्र्यांचा विषय निघाल्यावर २०२३चे प्राणी जन्म नियंत्रण नियम निघाले. खायला घालायची जागा सोसायटीने ठरवून द्यावी, ती जिन्यापासून, फाटकापासून आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून लांब असावी. “मला चावलं तर?” असं कुणी विचारलं, तेव्हा अण्णा चिडले नाहीत. चिडण्यासारखा तो प्रश्न नव्हताच. रेबीज एकदा अंगात उमटला की माणूस जवळपास कधीच वाचत नाही, हे त्यांनीच सभेला सांगितलं आणि आवारातल्या चार कुत्र्यांच्या नसबंदीचा आणि लशीचा ठराव मांडला. ठराव मंजूर झाला. अनुमोदन बशीत चहा ओतून पिणाऱ्या एका गृहस्थांचं होतं.

११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं, तेव्हा दिल्लीशी काडीचा संबंध नसलेल्या अण्णांचं जेवणावरचं लक्ष उडालं. २२ तारखेला आदेश बदलला. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडा, पिसाळलेली आणि चावरी तेवढी वगळा, असं ठरलं. त्या दिवशी त्यांनी दुसऱ्यांदा भात मागितला. दिवाळीत फटाके सुरू झाले की ते बटरला आणि फराळाचं ताट घेऊन बाथरूममध्ये बसतात. माणसाला २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला साधारण ४५ हजारांपर्यंत. लक्ष्मीपूजनाला या फरकाची किंमत बटर थरथरून मोजतो आणि अण्णा त्याच्या पाठीवर हात ठेवून चकली खातात.

त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात वडिलांच्या श्राद्धाच्या तिथीशेजारी ‘खारी – रेबीज’, ‘बटर – जंताचं औषध’, ‘दोघं – गोचीड’ अशा नोंदी आहेत. त्याखाली गेल्या वर्षापासून स्वतःच्या रक्ततपासणीची तारीखही आली आहे. नीट सांभाळलेलं गावठी कुत्रं बारा-पंधरा वर्षं जगतं. अण्णांनी हिशेब करून ठेवलाय, बटर म्हातारा होईल तेव्हा आपण ऐंशी ओलांडलेली असेल. तेव्हापासून शुगरची गोळी चुकत नाही आणि डॉक्टर, बायको, मुलं या सगळ्यांनी सांगून न सुटलेली तंबाखू गुपचूप सुटली आहे.

तेव्हा तुमच्या घरात असे अण्णा असतील आणि पिल्लू आणायचं मनात असेल, तर त्यांच्या ‘नाही’ला फार घाबरू नका. दुकानात पैसे मोजण्याआधी जवळच्या निवाऱ्यात एक चक्कर मारा. फक्त खर्च कोण करणार, सुट्टीत कोण सांभाळणार आणि पहाटे सहाला खाली कोण नेणार, हे पिल्लू आणण्याआधी ठरवा. लाड अण्णा करतीलच. पण गुडघे त्यांचे सत्तरीचे आहेत, साखळी तुम्ही धरा.