चहावाल्याची डिरेक्टरी

सोलापूरच्या नवी पेठेत पत्ता विचारायचा तर पहिल्या दुकानाच्या पायरीवर उभं राहून नुसतं आडनाव टाकायचं. ‘‘कुठले, टॉवेलवाले का शेंगाचटणीवाले?’’ एवढी चौकशी होते आणि माणूस हाती लागतो. पासवर्ड नाही, सेटिंग नाही.

आमच्या एका मित्राला मात्र ही सोय ई-मेलमध्ये हवी होती. टॉवेलची पेढी, टेबलं नऊ, पत्त्यांच्या वह्याही नऊ. सेटिंगवाला पोरगा म्हणाला, ‘‘एलडॅप लावू की ओ.’’ म्हणजे सगळ्यांचे पत्ते एकाच डिरेक्टरीत. 1988 साली एक्स.500 नावाचं अवजड मानक निघालं, ते कुणाला पेलेना, म्हणून 1993 मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या मंडळींनी त्याचा हा हलका अवतार काढला. किती हलका, ते आम्ही तीन दिवस पाहिलं.

डिरेक्टरीला थेट भेटायचं नाही. आपण मेलच्या प्रोग्रामला विचारायचं, तो आत जाऊन विचारून येणार. सरकारी कचेरीतल्या शिपायासारखं. दार क्रमांक 389, कुलूपबंद हवं तर 636. मग ‘बेस डीएन’, म्हणजे शोध कुठून सुरू करायचा ते. त्यात एक स्वल्पविराम चुकला आणि नऊच्या नऊ टेबलं ओस पडली : ‘कोणीही सापडले नाही.’

चौथ्या दिवशी चाललं. पेढीच्या मुनीमजींनी ‘येमूल’ शोधलं. सापडेना. वाय-ई का वाय-ए? शेवटी यू का दोन ओ? डिरेक्टरी लहान-मोठं अक्षर माफ करते, स्पेलिंग नाही. इंग्रज ज्याला ‘शोलापूर’ लिहीत, त्या गावात हा नियम!

अखेर येमूल हिशेबनीसांचं नाव दिमाखात झळकलं. मुनीमजींनी पत्र धाडलं, दोन दिवस उत्तराची वाट पाहिली, मग खिडकीतून ओरडले, ‘‘काय बे, हिशेबनीस कुठायत?’’

‘‘ते दिवाळीलाच सोडून गेले की!’’ खालून चहावाल्याचं उत्तर.

डिरेक्टरीत ही नोंद करायची कुणी, हे पोराला कुणी सांगितलंच नव्हतं. चहावाल्यालाही कुणी सांगितलं नव्हतं. पण त्या टेबलाचा एक कप त्याने त्याच दिवशी कमी केला होता.