सभा क्रमांक एक, सदस्य एक

लोकशाहीत फार वेळ जातो, अशी तक्रार मंडईच्या कट्ट्यावर नेहमीच ऐकू येते. पुणे महापालिकेत त्यावर जालीम उपाय करून झाला. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि प्रशासक आले. आयुक्त तेच, स्थायी समिती तेच, मुख्य सभाही तेच. सकाळी साहेबांनी प्रस्ताव मांडायचा, दुपारी त्यावर स्वतःशीच साधकबाधक चर्चा करायची आणि संध्याकाळी साहेबांनी साहेबांना मंजुरी द्यायची. गोंधळ नाही, सभात्याग नाही, तहकुबी नाही. सगळे ठराव एकमताने. मतच मुळात एक!

महापालिकेची मुदत पाच वर्षं आणि ती संपण्याआधी निवडणूक, असं संविधान सांगतं. पण आरक्षण, प्रभागरचना आणि कोर्टाच्या तारखा यांत संविधानाचा नंबर लागेना. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका उरका म्हणून बजावलं. चाराचे आठ झाले. सरकारी पंचांगात अधिक मास कधीही पडतो.

तोवर गाळ्यात गटाराचं पाणी शिरलं, तर भाजीवालीने जायचं कुणाकडे? नगरसेवकाला निदान त्याच्या आईदेखत चार शब्द सुनावता येतात. प्रशासकांची आई कोणत्या जिल्ह्यात राहते, कुणाला ठाऊक?

या कारभारात जोतीराव फुले मात्र भलतेच गैरसोयीचे ठरले असते. 1876 ते 1882 ते पुणे नगरपालिकेत होते, तेही सरकारनियुक्त. नेमणाऱ्यापुढे मान डोलवावी, एवढा साधा शिष्टाचार त्यांना जमला नाही. 1878 मध्ये देशी भाषांतल्या वृत्तपत्रांच्या मुसक्या आवळणाऱ्या लॉर्ड लिटनच्या स्वागताला हजार रुपये खर्चायचा विषय आला, तेव्हा हे म्हणाले, पैसे गरिबांच्या शिक्षणाला द्या. 32 सदस्यांत विरोधी मत एक. मंडईच्या इमारतीवरल्या खर्चालाही त्यांचा विरोधच. 1886 मध्ये ती गव्हर्नर रे यांच्या नावाने उभी राहिली; आज तिच्यावर पाटी आहे ती विरोध करणाऱ्याची. लिटनच्या स्वागताला हात वर करणाऱ्यांपैकी चार नावं कट्ट्यावर कुणी सांगून दाखवावीत, चहा आमच्याकडून.

असो. 15 जानेवारी 2026 रोजी मतदान झालं. आता सभागृहात 165 निवडून आलेले सदस्य आहेत. एका माणसाचं राज्य संपलं, असं समजून मंडईने हुश्श केलं. पण पक्षादेश निघाला, की शंभर माणसांचंही एकच मत होतं. मानधन तेवढं प्रत्येकी.