एक वायर जास्तीची

कात्रज चौकात संध्याकाळी पाचनंतर कोण कुठे निघालंय हे सामानावरून ओळखता येतं. पाठीला लॅपटॉपची सॅक म्हणजे आयटीवाला घरी परततोय. स्कूटरच्या फूटबोर्डवर मीटरभर लांबीची काळी बॅग उभी, तिच्या टोकावर हनुवटी टेकलेली आणि चेहऱ्यावर 'माइक टेस्टिंग'च्या आधीची चिंता, असा चाळिशीचा गृहस्थ दिसला, तर तो ऑर्केस्ट्रातला कीबोर्डवाला. तो आता कामावर चाललाय. २०२१ साली या चौकातल्या उड्डाणपुलाचं भूमिपूजन झालं, तेव्हापासून तो सुपारीला दीड तास आधी निघायला शिकला. तरी पोचल्यावर आयोजक घड्याळाकडे बघत म्हणतातच, "या, तुमच्यासाठीच थांबलोय!" स्टेजच्या फळ्या तेव्हा टेम्पोतून उतरत असतात.

कात्रज, आंबेगाव, बालाजीनगर या पट्ट्यात ही जमात बरीच सापडते, आणि त्याला कारण आहे. पेठेतलं भाडं वादकाला कधी परवडलं नाही. शिवाय सातारा रस्ता त्याच्या धंद्याला सोयीचा. शहराकडे तोंड केलं की पद्मावतीचं अण्णाभाऊ साठे सभागृह, स्वारगेटचं गणेश कला क्रीडा मंच, आणि नशीब जोरावर असेल तर थेट १९६८ सालचं बालगंधर्व रंगमंदिर. उलटीकडे तोंड केलं की बोगद्यापलीकडे खेड शिवापूर, भोर, साताऱ्यापर्यंत मंगल कार्यालयं आणि गावोगावच्या यात्रा. गणपतीत तो शहराचा असतो, चैत्र-वैशाखात ग्रामीण भागाचा, आणि पितृपक्षात कोणाचाच नसतो.

शिक्षण म्हणाल तर लहानपणी गांधर्वच्या पेटीच्या परीक्षा. 'प्रवेशिका पूर्ण' झालेली आणि 'मध्यमा' राहिलेली. कॉलेजात फिरोदिया करंडक ही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. तिथे मोजक्या वेळात सगळा सेट लावायचा आणि तितक्याच झटपट काढायचा, ही खरी विद्या तो शिकला. राग यमन पुढच्या आयुष्यात फार वेळा लागला नाही, पण अंधारात जॅक कुठल्या भोकात जातो हे ज्ञान रोज कामाला येतं.

आता त्याची बॅग उघडू. आत कीबोर्ड एकच: रोलंडचा एक्सपीएस-१०, ६१ पट्ट्या, आणि पेनड्राइव्हवरून बाहेरचे आवाज भरायची सोय. या आवाजांना धंद्यात 'टोन' म्हणतात. बासरी, सनई, संतूर, बेंजो, तुतारी, सगळं कोणीतरी कुठेतरी सँपल केलेलं असतं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतं. ज्याच्याकडे चांगली सनई तो लग्नसराईत राजा. पण कीबोर्डचा कप्पा सोडला तर उरलेली बॅग म्हणजे वायरींचा संसार. दोन अडॅप्टर (एक चालणारा, एक 'बहुतेक चालणारा'), चार जॅक वायरी, लहान पिनेची मोठी करणारे आणि मोठीची लहान करणारे तुकडे, एक्स्टेन्शन बोर्ड, टेस्टर, चिकटपट्टी, टॉर्च आणि स्क्रू-ड्रायव्हर. याशिवाय एक वायर कायम जास्तीची. ती स्वतःसाठी नसते. ती गिटारवाल्यासाठी असते, कारण गिटारवाल्याने वायर विसरायची अशी रीतच आहे.

तपकीर गल्लीतले दुकानदार त्याला नावाने ओळखत नाहीत, मापाने ओळखतात: "काय, पाव इंची मेल-मेल, पंधरा फूट?" वायर तुटते ती नेहमी जॅकच्या मानेपाशी. आत मधली तार सिग्नलची आणि तिच्याभोवती जाळी. जाळीचे दोन केस सुटले की वायर आधी खरखरते, मग घूं करते, मग ऐन अंतऱ्यात गप्प होते. म्हणून रविवारी सकाळी, शेजारी जेव्हा कात्रज डेअरीचं श्रीखंड आणायला जातात, तेव्हा हा गॅलरीत बसून सोल्डरिंग करत असतो. बायको म्हणते, "वाजवायला कधी बसता हो तुम्ही?" प्रश्न रास्त आहे.

त्याचा जन्माचा वैरी म्हणजे हम. हम म्हणजे स्पीकरमधून सतत येणारा तो घूंऽऽ. कार्यक्रमात ट्रॅकसाठी लॅपटॉप कीबोर्डसोबत जोडलेला असतो. लॅपटॉपचा तीन पिनांचा चार्जर स्टेजवरच्या बोर्डात, आणि साउंडवाल्याचा मिक्सर मंडपाच्या पार मागे दुसऱ्या बोर्डात. दोन ठिकाणचं अर्थिंग सारखं नसलं, की दोघांना जोडणाऱ्या वायरच्या जाळीतून करंट फिरायला लागतो आणि घरच्या विजेची सेकंदाला ५० आवर्तनं मंडपभर ऐकू येतात. यावर साउंडवाल्याचा घरगुती उपाय म्हणजे प्लगची अर्थिंगची पिनच काढून टाकणे. हम जातो, आणि गायिकेच्या ओठाला माइकचा करंट लागायची व्यवस्था होते. शहाणा उपाय म्हणजे डीआय बॉक्स. त्यावर एक बारकं बटण असतं, ते दाबलं की सिग्नलच्या वाटेतली जाळी तुटते आणि विजेचं अर्थिंग जागेवर राहतं. कीबोर्डवाल्याने तो स्वतःच्या पैशाने घेतलाय. साउंडवाले मामा तो हातात घेऊन उलटसुलट बघतात आणि विचारतात, "हे काय, मोडेम?"

मग तो तिसरा उपाय करतो. चार्जर उपटून लॅपटॉप बॅटरीवर चालवतो. हम तत्काळ थांबतो, सगळे टाळ्या वाजवतात. लॅपटॉप मध्यंतरानंतरच्या दुसऱ्या गाण्यात मरतो.

साउंडवाल्याशी त्याचं नातं सासू-सुनेचं. स्टेजवरून याने दोन बोटं वर केली तर त्याचा अर्थ 'मॉनिटरमध्ये कीबोर्ड वाढवा', आणि मामा समजतात 'दोन चहा'. ऐकणाऱ्याला ही चैन वाटते, पण मॉनिटर, म्हणजे वादकाकडे तोंड केलेला स्टेजवरचा स्पीकर, ही त्याची गरज आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. स्टेजसमोरच्या मोठ्या स्पीकरमधून निघालेला ठेका मागच्या भिंतीवर आपटून परत येईपर्यंत सम निघून गेलेली असते. स्वतःचा आवाज जवळून ऐकू आला नाही, तर वादक त्या परतलेल्या ठेक्यावर वाजवू लागतो आणि गाणं हळूहळू बसत जातं. रसिक म्हणतात, तयारी कमी पडली.

गायकांच्या तऱ्हा निराळ्या. निम्मे गायक माइकवर आधी टकटक करतात, मग फू फू करतात. तरुण पिढी माइकची जाळीच मुठीत धरते. शुअरचा एसएम-५८ हा माइक १९६६ पासून जगभर स्टेजवर आहे; तो समोरचं ऐकतो आणि मागचं टाळतो, कारण जाळीच्या मागच्या अंगाने हवा आत शिरायला वाट ठेवलेली आहे. मूठ आवळली की ती वाट बंद. मग माइक चहूकडचं ऐकायला लागतो, स्पीकरचा आवाज पुन्हा आत, पुन्हा बाहेर, आणि अशी शिट्टी बसते की पहिल्या रांगेतले नगरसेवक कान झाकतात. त्या क्षणी संपूर्ण सभागृह कीबोर्डवाल्याकडे बघतं. का, ते आजवर कोणी सांगितलेलं नाही. कदाचित स्टेजवर सगळ्यात जास्त दिवे त्याच्या वाद्यावर लुकलुकत असतात म्हणून.

आणि पट्टी! पुरुष साधारण काळी एकमध्ये गातात, बायका काळी चार-पाचमध्ये. पण ताई स्टेजवर चढता चढता हळूच म्हणतात, "दादा, आज घसा बसलाय, अर्धा सूर खाली." त्यासाठी कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटण आहे. ते दाबायला एक सेकंद लागतो, आणि पुढच्या गाण्याला ते पूर्ववत करायचं लक्षात ठेवायला आख्खी कारकीर्द. यात्रेतल्या कार्यक्रमात हमखास घडणारा प्रसंग असा: ताई मुखड्याच्या वरच्या सुरावर उभ्या, आणि लाइट जाते. जनरेटरची दोरी ओढली जाते. ऑक्टोपॅड मुका, कीबोर्ड मुका, माइक मुका. ढोलकीवाला एकटाच ठेका रेटतोय, कारण त्याचा वीज मंडळाशी संबंध नाही, आणि तो कीबोर्डवाल्याकडे बघून हसतोयसुद्धा. जनरेटर लागतो. कीबोर्डच्या पडद्यावर कंपनीचं नाव निवांत झळकतं. ताई काळी चारमध्येच आहेत, बिचाऱ्या. कीबोर्ड शून्यावरून, म्हणजे पांढरी एकमधून, पूर्ण आत्मविश्वासाने परत येतो.

सवाई गंधर्व महोत्सवात तंबोरे पाच-दहा मिनिटं लावले तरी श्रोते भक्तिभावाने बसून राहतात, आणि ते योग्यच आहे. कीबोर्डवाल्याने वायर बदलायला दोन मिनिटं घेतली तर निवेदकाला विनोद सांगावे लागतात. वाद्याची पत हाच फरक. पेटीवर १९४०मध्ये आकाशवाणीने बंदी घातली होती आणि ती उठायला तीस वर्षं गेली, तरी पेटी आज मैफलीत मानाने बसते. कीबोर्डवर बंदी घालण्याइतकंही महत्त्व त्याला कोणी दिलं नाही. यामाहा असो की रोलंड, प्रेक्षक त्याला 'कॅसिओ'च म्हणतात.

त्याच्याबद्दल फार हळहळायचंही कारण नाही, कारण हा स्वतः कोणाच्या तरी पोटावर पाय देऊनच आलाय. पुण्याच्या 'मेलडी मेकर्स'सारख्या वाद्यवृंदांच्या भरात स्टेजवर अ‍ॅकॉर्डियन, मेंडोलिन, सॅक्सोफोन, व्हायोलिनची रांग असायची. एनॉक डॅनिएल्स यांच्यासारखा अ‍ॅकॉर्डियनवादक याच शहरातला. रोलंडने १९८५मध्ये पॅड-८ हा ऑक्टोपॅड काढला, त्याच सुमारास स्वस्त कीबोर्डही आले, आणि हळूहळू त्या रांगेतली एकेक खुर्ची कमी होत गेली. त्या सगळ्यांचे आवाज आता याच्या पेनड्राइव्हमध्ये आहेत. आणि आता कराओके याची खुर्ची हलवतोय. निवृत्त मंडळींचे कराओके क्लब छोटी सभागृहं भरवतात, तिथे वादक लागत नाहीत, ट्रॅक लागतो. कीबोर्डवाल्याला तिथेही बोलावतात, लॅपटॉपचं बटण दाबायला. एका आजोबांनी तर कौतुकाने सांगितलं, "तुम्ही असलात की म्युझिक अगदी ओरिजिनल येतं!" ते ओरिजिनलच होतं.

तरी तो टिकून आहे, कारण ट्रॅक थांबत नाही. गायक ओळ विसरला, दोन मात्रा उशिरा आला, अंतरा गाळून थेट शेवटाकडे गेला, तर ट्रॅक त्याला सोडून पुढे जातो. कीबोर्डवाला मागे वळतो, गायकाला उचलतो, आणि चूक त्याच्या घरच्यांनाही कळू देत नाही. हे कसब फुकटात मिळतं आणि त्याचा हिशेब पाकिटात कधी धरला जात नाही.

पाकिटाचा प्रश्न दहा वाजता निघतो. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर स्पीकर बंद. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. कार्यक्रम सातचा, प्रमुख पाहुणे साडेआठला, नंतर सत्कार. शाल, श्रीफळ, पुन्हा शाल. गाण्यांना सवा तास उरतो आणि आयोजकाला बावीस गाणी हवी असतात. दहाला पाच कमी असताना पोलिसाची शिट्टी वाजते, मेडले तिसऱ्या गाण्यावर तुटतो, आणि आयोजक म्हणतात, "कार्यक्रम अर्धाच झाला ना राव," म्हणजे पाकीटही त्याच मापाने.

तेव्हा यंदा सोसायटीच्या गणपतीत ऑर्केस्ट्रा ठरवणार असाल तर इलेक्ट्रिशियनकडून स्टेजच्या बोर्डाचं अर्थिंग तपासून घ्या, साउंड चेकला एक तास द्या, आणि सत्कार गाण्यांनंतर ठेवा. आणि कार्यक्रम चालू असताना स्टेजजवळ जाऊन कीबोर्डवाल्याला "जरा आवाज वाढवा" असं सांगू नका. मंडपातल्या आवाजाचं बटण त्याच्याकडे नसतं. ते मागे मामांकडे असतं, आणि मामा चहाला गेलेले असतात.