घोड्यावरून उतरलेली माणसं

उंद्री म्हटलं की लोक पुण्यातली उंड्री समजतात. तिथे फ्लॅटच्या जाहिराती लागतात, आमच्याकडे सोयाबीनच्या बियाण्यांच्या. आमची उंद्री चिखली तालुक्यातली, जिल्हा बुलढाणा. चिखलीहून खामगावकडे निघालं की अमडापूरच्या पुढे. हे मी आयुष्यभर सांगत आलो आणि समोरचा माणूस आयुष्यभर "हो हो, कोंढव्याजवळ ना?" म्हणत आला. आपल्या नावावर भलत्याचंच बिऱ्हाड थाटलेलं असलं की कसं वाटतं, हे मला चांगलं ठाऊक आहे. तातार लोकांविषयी मला आपुलकी वाटते ती त्यामुळेच.

त्यांच्या नावावर तर अर्धा आशिया राहायला आला होता. सतराव्या-अठराव्या शतकातले युरोपातले नकाशे पाहा. व्होल्गा नदीपासून थेट पॅसिफिकच्या किनाऱ्यापर्यंत मोठ्या ऐसपैस अक्षरांत 'टार्टरी', म्हणजे तातारांचा मुलूख, असं लिहिलेलं असतं. बुखारा, समरकंद, मंगोलिया, मांचुरिया, सगळं त्यात. नकाशा काढणाऱ्याची माहिती जिथे संपली, तिथून टार्टरी सुरू.

त्या हिशेबाने आमच्या जिल्ह्यातही टार्टर येऊन गेले म्हणायचे. सिंदखेडराजा तालुक्यात साखरखेर्डा आहे. तिथे ऑक्टोबर 1724 मध्ये निजाम-उल-मुल्क आणि मुबारिझखान यांची लढाई झाली. निजामाचे आजोबा समरकंदकडून आलेले, मुबारिझखान बल्खचा. म्हणजे टार्टरीतल्या दोन घराण्यांनी आपसातलं भांडण मिटवायला जागा शोधली ती वऱ्हाडातली, आणि तीही ज्वारी उभी असण्याच्या दिवसांत. मुबारिझखान मारला गेला, निजाम दख्खनचा धनी झाला, त्याच्या बाजूने बाजीरावही मैदानात होता. जिंकल्यावर निजामाने गावाचं नाव फत्तेखेर्डा ठेवलं. लोक अजून साखरखेर्डाच म्हणतात. वऱ्हाडी माणूस राज्य बदललं तर मान हलवतो, नाव बदललं तर ऐकूच आलं नाही असं दाखवतो.

पण ही सगळी उसनी टार्टरी. खऱ्या तातारांची वार्ता गावात आली ती डॉक्टरकीच्या निमित्ताने. अलीकडे महाराष्ट्रातली बरीच मुलं एमबीबीएसला काझानला जातात. आमच्याकडच्या एकाचा मुलगा तिथे गेला. वडील सगळ्यांना "रशियात हाये पोरगं" असं सांगत. मुलगा सुट्टीत आला तेव्हा पारावर सहज म्हणाला, "काका, आमचं काझान तातारस्तानात येते." झालं. शेवटी 'स्तान' ऐकल्याबरोबर पार गंभीर झाला. एका आजोबांनी त्याच्या बापाला बाजूला घेऊन विचारलं, "बाप्पा, काहून पाठवलं एवढ्या लांब? अकोल्याले काय वाईट होतं?" अकोल्याला जागा मिळाली नव्हती आणि खासगी कॉलेजची फी दोन पिढ्यांची शेती विकून भरावी लागली असती, हे कोणी बोललं नाही. गावात अशा गोष्टी सगळ्यांना माहीत असतात, म्हणूनच बोलत नाहीत.

मग पोराची उलटतपासणी झाली. थंडी किती? उणे वीसच्या खालीही जाते. खातात काय? इथे त्याने मोबाइलवर 'चक-चक' दाखवलं. पिठाच्या बारीक कांड्या तळायच्या, मधाच्या पाकात घोळायच्या आणि ताटात ढीग रचायचा. त्याची आई फोटो बघून म्हणाली, "हे तं शंकरपाळ्याचं नि चिक्कीचं लगीन लागलं." चहा ते दूध घालून पितात, हे कळल्यावर मात्र पाराने तातारांना एकमुखाने पास केलं.

मी मात्र अडकलो ते त्यांच्या सणात. त्यांचा मोठा सण सबान्तुय. अर्थ नांगराचा सोहळा. जगभर ज्यांचं नाव घोडा, धनुष्य आणि जाळपोळ यांच्याशी जोडलेलं, त्यांचा सगळ्यात लाडका सण नांगराचा! पेरण्या आटोपल्या की जूनमध्ये तो साजरा होतो. घोड्यांच्या शर्यती असतात, नाही असं नाही. पण बाकीचा कार्यक्रम ऐका: गुळगुळीत खांबावर चढणं, पोत्यात पाय घालून पळणं, तोंडात चमचा धरून त्यावर अंडं ठेवून धावणं, डोळे बांधून काठीने मडकं फोडणं. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेचं स्नेहसंमेलन आणि गोपाळकाला एकाच दिवशी उरकल्यासारखं. कुस्ती कमरेला पट्टा गुंडाळून, आणि जिंकणाऱ्याला जिवंत मेंढा. तो खांद्यावर घेऊन पैलवान मैदानाला फेरी मारतो. आपला पोळा त्या मानाने फारच सोज्ज्वळ. आपण बैलाला पुरणपोळी खाऊ घालतो आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा दोघं कामाला लागतो.

मग हे नांगरवाले लोक इतिहासाच्या पुस्तकात नेहमी घोड्यावरच का? याचं उत्तर मोठं विचित्र आहे. व्होल्गाकाठी पूर्वी बल्गार नावाचे लोक होते. शेती करणारे, व्यापार करणारे. त्यांनी 922 मध्ये इस्लाम स्वीकारला. मंगोलांच्या फौजा 1236 मध्ये त्यांच्यावर कोसळल्या आणि त्यांची शहरं उद्ध्वस्त झाली. आजचे काझानचे तातार त्या बल्गारांनाही आपले पूर्वज मानतात. युरोप मंगोलांच्या फौजांना तातार म्हणत असे, आणि पुढे ते नाव याच लोकांना चिकटलं. म्हणजे ज्यांची घरं जळली त्यांच्याच नातवंडांच्या नावावर जाळपोळीचा गुन्हा दाखल. पोलीस पाटलाच्या गावातही असं कधी झालं नसेल. रशियन भाषेत म्हण आहे की न बोलावलेला पाहुणा तातारापेक्षा वाईट. तातार हसून ती उलटी करतात: न बोलावलेला पाहुणा तातारापेक्षा बरा.

आपल्याला हसू येतं, कारण ही म्हण दुसऱ्याबद्दल आहे. जरा पूर्वेकडे चला. बंगालमध्ये अडीचशेहून जास्त वर्षं आया मुलांना झोपवताना एका भयंकर घोडेस्वाराचं नाव घेतात. त्याला ते बर्गी म्हणतात. हा बर्गी म्हणजे आपला बारगीर, सरकारी घोड्यावर स्वार होणारा मराठी शिपाई. 1741 ते 1751 या दहा वर्षांत नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा पुन्हा पुन्हा बंगालवर गेल्या. सेनापती भास्करराम कोल्हटकर 1744 मध्ये तिथेच दग्याने मारले गेले. शेवटी ओरिसा आणि वर्षाला बारा लाखांची चौथ ठरली, तेव्हा ते थांबलं. त्या फौजांत वऱ्हाडातली माणसं होती. म्हणजे ज्या उंद्रीतला माणूस आज तलाठ्याच्या टेबलाशी टोपी काढून उभा राहतो, सातबाऱ्यावरची चूक दुरुस्त करून घ्यायला चार चकरा मारतो, तो बंगाली बाळाच्या झोपेतला तातार आहे. तातारांविषयी बोलायचा अधिकार कोणाला असेल, तर तो आपल्याला. आणि जपून बोलायची गरजही आपल्यालाच.

काझान 1552 मध्ये पडलं, रशियाच्या भयंकर इव्हानच्या हातात. त्यानंतर तातार शतकानुशतकं दुसऱ्याच्या राज्यात राहिले, आणि राहिले ते शिकून. काझानचं विद्यापीठ 1804चं. टॉलस्टॉय तिथे पौर्वात्य भाषा शिकायला गेला आणि पदवी न घेताच परतला, लेनिनला तिथून काढून टाकलं. (आमच्या पाराचा निष्कर्ष: नापास झालं तरी पोरगं मोठं होऊ शकते.) तातारांनी लिपीचे हाल मात्र फार सोसले. अरबी लिपी होती, 1920च्या दशकाच्या शेवटी रोमन आली, 1939 मध्ये सिरिलिक. आजीने लिहिलेलं पत्र नातवाला वाचता येऊ नये, याची सरकारनेच चोख व्यवस्था केली. आपल्याकडे मोडीचं काम सावकाश झालं, इतकाच फरक. पणजोबांच्या जमिनीचा कागद आजही घरात असतो, आणि तो वाचणारा माणूस तालुक्याच्या ठिकाणी शोधावा लागतो.

त्यांचा लाडका कवी गब्दुल्ला तुकाय. सत्तावीस वर्षं पुरी व्हायच्या आधीच 1913 मध्ये गेला. त्याने लोककथेतल्या शुराले नावाच्या वनभुतावर काव्य लिहिलं. हे भूत माणसाला गुदगुल्या करून मारतं. लाकूडतोड्या त्याला ओंडक्याच्या फटीत बोटं घालायला लावतो आणि पाचर काढून घेतो. आपलं नाव तो 'गेल्या वर्षी' असं सांगून ठेवतो. भूत ओरडतं, "गेल्या वर्षीनं मला अडकवलं!" बाकीची भुतं म्हणतात, मग आज कशाला रडतोस? पंचतंत्रातलं पाचर उपटणारं माकड आठवलं ना? दोघांचं नातं असेलच असं नाही. पण आपल्या माकडाला फक्त धडा मिळाला, त्यांच्या भुताला विनोदही मिळाला. मला तातारांची बाजू वरचढ वाटते.

हे लोक पांगलेही फार. पोलंडच्या राजाकडे तातार स्वारांचा पगार थकला, तेव्हा यान सोबियेस्कीने 1679 मध्ये त्यांना जमिनी देऊन टाकल्या. क्रुशिन्यानी आणि बोहोनिकी या गावांत त्यांच्या लाकडी मशिदी आजही उभ्या आहेत. थकबाकीतून झालेलं असं चांगलं काम आपल्या सरकारी खात्यांनी अभ्यासायला हरकत नाही. निझनी नोव्हगोरोदकडचे काही तातार कापड आणि फर विकत फिनलंडला गेले. आज तिथे त्यांची वस्ती हजाराच्या आतली, पण भाषा टिकवून आहेत. रशियन क्रांतीनंतर काही जण मांचुरियामार्गे जपानला पोचले. कोबेची मशीद 1935 मध्ये उभी राहिली, तिला हिंदी आणि तातार दोन्ही व्यापाऱ्यांचे पैसे लागले.

आणि क्रिमियाचे तातार. त्यांचं पांगणं मर्जीने झालेलं नाही. 18 मे 1944 च्या पहाटे सैनिक दारात आले आणि दोन-तीन दिवसांत जवळजवळ पावणेदोन ते दोन लाख माणसं मालगाड्यांत भरून बहुतेक उझबेकिस्तानकडे नेली. वाटेत आणि पहिल्या वर्षांत कित्येक मेली. परतीची वाट खुली व्हायला 1980च्या दशकाचा शेवट उजाडला. इथे विनोद सुचत नाही.

या क्रिमियातलाच इस्माईल गास्पिराली. बख्चिसरायमध्ये त्याने 1883 मध्ये 'तर्जुमान' वृत्तपत्र सुरू केलं. मुलांनी नुसतं घोकू नये, अक्षर ओळखून वाचावं, अशी शिकवण्याची नवी पद्धत त्याने काढली. हा माणूस 1912 मध्ये आपल्या मुंबईत आला होता, तो लूट करायला नाही, मुलांना लवकर वाचायला शिकवता येतं हे दाखवायला. त्याच्या आधी 1909 मध्ये सायबेरियाचा तातार प्रवासी अब्दुर्रशीद इब्राहिम मुंबईला उतरला. इथेच यामाओका नावाचा जपानी तरुण त्याला येऊन मिळाला, मुसलमान झाला आणि त्याच्याबरोबर हजला गेला. पुढे टोकियोत 1938 मध्ये मशीद झाली, तिचा पहिला इमाम हाच इब्राहिम. मुंबईने किती लोकांच्या वाटा जुळवून दिल्या, याचा हिशेब तिने स्वतःही ठेवलेला नाही.

आता विनंती आहे ती ज्यांची मुलं काझानला आहेत त्या आईबापांना. पोरं तिथे इंडियन मेसमध्ये जेवतात, मराठी पोरांच्या ग्रुपमध्ये गणपती बसवतात, परीक्षेपुरती रशियन शिकतात आणि सहा वर्षांनी पदवी घेऊन परततात. तातारस्तानात रशियनबरोबर तातारीही राज्यभाषा आहे. 2017 पासून ती शाळांमध्ये ऐच्छिक झाली आणि तिची काळजी करणारी माणसं तिथेही आपल्यासारखीच आहेत. दवाखान्यात खेड्यातून आलेली म्हातारी समोर बसली, तर तिला 'इसॅन्मेसेझ' म्हणून नमस्कार करावा आणि निघताना 'रॅख्मॅत' म्हणून आभार मानावेत, एवढं पोरांना फोनवर सांगा. जूनमध्ये परीक्षा आटोपली असेल तर सबान्तुयलाही पाठवा, आणि मेंढा जिंकलाच तर तो तिथेच कोणाला तरी देऊन यायला सांगा.