कोळसेकाका

अमेरिकेच्या थंड मुलखातल्या मराठी मंडळात एक तबला शिकवणारे काका असतात, एक दर गणपतीत मखर स्वतः बांधणारे काका असतात. आमचं मॅसॅच्युसेट्समधलं मंडळ थोडं जास्त नशीबवान, आमच्याकडे कोळसेकाका आहेत. नाव पोरांनी ठेवलं. मूळ आडनाव चांगलं भारदस्त आहे, पण ते आता फक्त पासपोर्टवर उरलंय.

घरात तशी काही अडचण नव्हती. तळघरात गॅसची भट्टी, भिंतीवर थर्मोस्टॅट, बोट लावलं की ऊब. नेमकं हेच काकांना सलत होतं. निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरलेला मराठी इंजिनियर आपोआप चालणारं काही फार काळ सहन करू शकत नाही. त्यात एका रविवारी, जुन्या शेगड्या दुरुस्त करून विकणाऱ्या एका माणसाच्या गोदामात त्यांना 'ग्लेनवूड' दिसली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, याच राज्यातल्या टॉन्टन गावच्या वीअर स्टोव्ह कंपनीची. बिडाचं काळंभोर अंग, कमरेला आणि पायांना निकेलचे चकचकीत दागिने, समोरच्या दारांना अभ्रकाच्या खिडक्या. काका तिच्याभोवती फिरले, वाकले, आत हात घातला, कोपरापर्यंत काळा करून बाहेर काढला आणि म्हणाले, "ठरलं." किंमत काकूंना टप्प्याटप्प्याने कळली.

या ओढीचं मूळ म्हणजे सांगलीच्या वाड्यातला तांब्याचा बंब, असं काका सांगतात. "अरे, तोच तो प्रकार. खाली विस्तव, मधून धूर, बाजूला ऊब." काकूंचं म्हणणं वेगळं आहे. बंब पेटवायला आई हाका मारायची तेव्हा हा मुलगा माडीवर लपून बसायचा, हे त्यांना खुद्द सासूबाईंनी सांगितलंय.

शेगडी आणणं सोपं, बसवणं अवघड. विम्याच्या माणसाने फोनवर विचारलं, "तिच्यावर सुरक्षाचाचणीचा शिक्का आहे का?" काका म्हणाले, "ती ओतली तेव्हा शिक्का मारणारे पाळण्यात होते." याने काम होईना. ज्या शेगडीला असा शिक्का नाही, तिच्या चहूबाजूंनी जळण्याजोगं काहीही ३६ इंचांच्या आत असता कामा नये, असा नियम निघाला. काकांनी टेप घेतली. सोफा गेला. काकूंचं गणपतींचं कपाट गॅरेजमध्ये गेलं. झोपाळा तेवढा दोन इंचांनी वाचला होता, तर काका म्हणाले, "पण झोका घेतल्यावर?" झोपाळाही गेला. मग चिमणीत वरपासून खालपर्यंत स्टीलची नळी सोडली, खाली तळघरात तुळईला टेकू दिला, आणि मंडळाचे पाच कार्यकर्ते पोह्यांच्या आमिषाने बोलावले. शेगडी सुटे भाग करून आली. डोक्यावरचा निकेलचा कळस काकांनी कोणाला हात लावू दिला नाही. तो त्यांनी स्वतः, सोवळ्यात असल्यासारखा, शेवटी बसवला.

मग दर्शन सुरू झालं. काकांकडे जेवायला गेलात तर आधी खुर्ची शेगडीसमोर मिळते, मग माहिती, आणि जेवण या दोन्हींतून वाचलात तर. पेनसिल्व्हेनियाचा अँथ्रासाइट हा कठीण कोळसा साध्या काडीला दाद देत नाही. आधी लाकडांचा चांगला जाळ करायचा, त्यावर थोडा थोडा कोळसा. हवा खालूनच द्यायची. वरून टोचलंत तर रुसतो. एकदा का जमला की वर निळ्या ज्वाळा नाचू लागतात. मग मागची झडप फिरवायची, म्हणजे गरम वायू थेट चिमणीत न पळता आधी तळाशी उतरतो, मागच्या नळीतून वर जातो आणि जाता जाता घर तापवतो. हे ऐकताना मान हलवली तर काका उत्साहाने भिंतीवरची लाल तेलाची तिरकी नळी दाखवतात. चिमणीची ओढ मोजणारं ते यंत्र. "पाहा, शून्य दशांश शून्य चार! काय ओढ आहे!" मुलगी पहिली आली तेव्हाही त्यांचा आवाज इतका चढला नव्हता, असं काकू म्हणतात. घरातले तांदूळ संपले म्हणावं तर काका पेपरातून डोकं वर न काढता सांगतात, "आपल्या शेगडीला राइस चालत नाही, नट लागतो." कोळशाच्या खड्यांच्या आकाराची ही नावं आहेत, हे काकूंना आता पाठ झालंय.

काका तिथीही पाळतात. ११ फेब्रुवारी १८०८ रोजी विल्क्सबॅरी गावात जेसी फेल नावाच्या गृहस्थाने हा कोळसा उघड्या जाळीवर, भात्याशिवाय पेटवून दाखवला. "तेव्हा पुण्यात दुसरा बाजीराव होता," काका खेदाने म्हणतात, जणू बाजीरावाला हे कळवायला हवं होतं. त्या दिवशी घरी पुरणपोळी असते. पुरण काकू शिजवतात, गॅसवर.

गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काकांनी जरा जास्तच थाट केला. बायका यायच्या आत त्यांनी तोंडापर्यंत ताजा कोळसा भरला. एका कोपऱ्यात लाल निखारा उघडा ठेवायचा असतो, म्हणजे नव्या कोळशातून निघणारा वायू लगेच पेटत राहतो. तो कोपरा गडबडीत झाकला गेला. वाण लुटणं रंगात आलं असताना 'भुप्प्' असा आवाज झाला, अभ्रकाची दारं खडखडली आणि बारीक राख काळ्या चंद्रकळांवर हलक्या हाताने पसरली. बायका किंचाळल्या. काका स्वयंपाकघरातून धावत आले आणि चेहऱ्यावर निव्वळ आनंद. "पाहिलंत? वायू साचला होता!" कार्बन मोनॉक्साइडची घंटा प्रत्येक मजल्यावर का लावली आहे, हे त्या दिवशी कुणाला समजवावं लागलं नाही.

राखेचा मात्र सगळ्यांना फायदा. काका ती थंड करून बर्फावर टाकतात, त्यामुळे अख्ख्या गल्लीत त्यांच्याच दारासमोर कुणी घसरत नाही. काही शेजारी हल्ली बादली घेऊन येतात. काका त्यांना आधी आत बसवतात.

खरी पंचाईत प्रवासाची. नोव्हेंबरमध्ये पेटवलेली आग काका एप्रिलपर्यंत विझू देत नाहीत. मुलीचं लग्न मे महिन्यात करू या, असं त्यांनी दोनदा सुचवलं. मुलाकडच्यांनी जानेवारीचा मुहूर्त काढला, पुण्याला. काका चार दिवस न बोलता हिंडले आणि मग किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या. सोबत प्लास्टिकमध्ये घातलेला सूचनांचा कागद. सकाळ-संध्याकाळ खालची जाळी हलवायची, राखेच्या खणात लाल ठिणग्या पडू लागल्या की थांबायचं, कोपरा उघडा ठेवायचा. शेवटी लाल शाईने: वरून टोचू नये.

लग्नाच्या दिवशी इथे मध्यरात्र उलटली होती. फोन वाजला. मागे सनई, मंगलाष्टकांची तान.

"ज्वाळा कुठल्या रंगाची आहे रे?"

"निळी आहे, काका."

"किती निळी?"

तेवढ्यात काकूंचा आवाज आला, "अहो, अंतरपाट धरलाय!"

"धरू दे," काका म्हणाले. "तू आधी झडप बघ."