कंच्या गावचं पाव्हणं?

सातारा-सांगलीकडे पावसाळा लागला की एक इसम हमखास कुठल्यातरी झाडाच्या बुंध्याशी उकिडवा बसलेला आढळतो. छत्री मानेत अडकवलेली, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिमट्याने भिंग बसवलेलं, खिशात मोजमापासाठी दोन रुपयांचं नाणं. याचं काहीतरी हरवलंय असं समजून येणारेजाणारे मदतीला थांबतात. कासच्या पठारावर गर्दी फुलांशेजारी उभं राहून स्वतःचे फोटो काढते, तेव्हा हा कडेच्या झुडपाचं पान उलटं करून बघतो. सागरेश्वरच्या अभयारण्यात सहलीतली पोरं सांबर दिसलं म्हणून ओरडतात, आणि हा बाभळीच्या सालीला नाक लावून बसलेला असतो. लोक त्याला निसर्गप्रेमी म्हणतात, पण ते काही खरं नाही. प्रेमात पडलेला माणूस नावागावाची एवढी चौकशी करत नाही. माझ्या मते हा गृहस्थ आपल्याच मातीतल्या एका जुन्या खोडीचा वारसदार आहे. एसटीत शेजारी बसलेल्या परक्याचं गाव, आडनाव, मामाचं गाव आणि यंदाचं उसाचं टनेज कळल्याशिवाय या भागात कुणाला चैन पडत नाही. ‘कंच्या गावचं पाव्हणं?’ हा सवाल त्याने माणसांवरून उचलून किड्यांवर आणि बुरशीवर नेला, इतकंच.

पुरावा हवा असेल तर त्याची उलटतपासणी ऐकावी. एखाद्या नवशिक्याने हौसेने फोटो पाठवला, तर ‘वा, छान’ वगैरे काही येत नाही, प्रश्न येतात. झाड कुठलं? जिवंत की वाळलेलं? खोडावर की मुळाशी? खालून फोटो घेतला का? हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा, कारण खालून बघितल्याशिवाय बुरशीची ओळख पटत नाही. वरून सारख्या दिसणाऱ्या दोघींपैकी एकीच्या पोटाला बारीक छिद्रं असतात, दुसरीला पट्ट्या. आंब्याच्या वाळक्या फांदीवर नखाएवढे पांढुरके, लोकरी पंखे आलेले असतात. त्यातला एक उलटा केला की प्रत्येक पट्टी मधोमध उभी चिरलेली दिसते. ही शायझोफायलम कम्यून. उन्हात ती चिरलेल्या कडा वळवून मिटून बसते आणि पावसाची सर आली की पुन्हा उघडते. छत्रीवाली बुरशी असेल तर चौकशी घरापर्यंत जाते. रात्री तिची टोपी कोऱ्या कागदावर पालथी ठेवून वर वाटी झाकायची, म्हणजे सकाळी बीजाणूंचा रंगीत ठसा मिळतो. ती वाटी आमटीच्या वेळेपर्यंत कुणी उचलायची नाही, असा घरात हुकूम असतो आणि तो मोडलाही जातो. पण ही खोड काही त्याने एकट्याने काढलेली नाही. पुण्याच्या आघारकर संस्थेत अजरेकरांच्या नावाने बुरशींचा मोठा संग्रह आहे, तिथेही नमुना कुठे आणि कुठल्या झाडावर मिळाला याची नोंद लागतेच. गावाचा पत्ता नसलेल्या पाहुण्याला विज्ञानही ओसरीवर घेत नाही.

या जमातीतही दोन तट आहेत, आणि ते पावसाने पाडलेत. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर कोसळतो, आटपाडी-जतकडे जेमतेम पाचशेच्या आसपास. त्यामुळे सातारकर बुरशीकडे झुकतो, सांगलीकर किड्यांकडे, आणि दोघेही एकमेकांना जरा कमी समजतात.

आता आक्षेप. पहिला अर्थातच, हे रिकामटेकड्यांचे धंदे. त्यावर ऊसवाल्यांनी तरी बोलू नये. 2002 साली सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा आला आणि बघता बघता साताऱ्या-कोल्हापुरात, पुढे कर्नाटकात पसरला. त्याला आवर घालण्यात फवाऱ्यांइतकाच, किंबहुना जास्तच, वाटा होता तो माव्यावर जगणाऱ्या डिफा या पतंगाच्या अळीचा आणि मायक्रोमस या किड्याचा. डिफाची अळी असलेली पानं या फडातून त्या फडात नेऊन सोडली जात होती. मावा कुठला आणि माव्याला खाणारी अळी कुठली हे ज्याला ओळखता येत नव्हतं, तो औषध मारून दोघांनाही सारखाच न्याय देत होता. हुमणीचंही तसंच. ती उसाची मुळं खाते जमिनीखाली, पण तिचे भुंगेरे वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंबावर नि बाभळीवर जमतात. फांद्या हलवून, ते गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकायचे, हा शेतकऱ्यांचा उपाय झाडावरचा पाहुणा ओळखण्यावरच उभा आहे. आणि रस्त्याकडेच्या गुलमोहराच्या बुंध्याशी गॅनोडर्मा बुरशीचे तपकिरी, लाखेसारखे चकचकीत पंखे दिसले, तर मूळ आतून कुजत असण्याची शक्यता मोठी. त्या सावलीत गाडी लावणाऱ्याने या उकिडव्या माणसाचा एक शब्द ऐकायला हरकत नाही.

दुसरा आक्षेप नव्या पिढीचा: हे सगळं ॲप सांगतं की. सांगतं, आणि मोठ्या आत्मविश्वासाने सांगतं. पण आयनॅचरलिस्ट या ॲपवरसुद्धा यंत्राने सुचवलेल्या नावावर भागत नाही. ओळख सांगणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशाहून जास्त माणसांचं एकमत झालं, तरच नोंद पक्की होते. म्हणजे शेवटी पंचच बसतात. शिवाय पुष्कळ गोष्टी फोटोत मावतच नाहीत. हुमणीच्या भुंगेऱ्याची जात नक्की करायची तर नराची जननेंद्रियं भिंगाखाली बघावी लागतात. इतकी चौकशी आपल्याकडे सोयरिकीतही होत नाही.

तिसरा आक्षेप खरा आहे. त्याला फोटोचा हव्यास असतो. एकाच ढालकिड्यापायी तो अख्ख्या कुटुंबाला यवतेश्वरच्या घाटात ताटकळत ठेवतो, आणि घरच्या लग्नाच्या अल्बममध्ये वधूपेक्षा मांडवाच्या बांबूवरचा पतंग जास्त स्पष्ट येतो. याचं समर्थन होण्यासारखं नाही. एवढंच म्हणता येईल की मिरवणाऱ्या माणसाला देखणी बाजू पुरते, हा मात्र चिखलात कोपर टेकून बुरशीची खालची बाजू टिपतो, आणि तो फोटो कुणीही भिंतीवर लावत नाही.

राहता राहिला शेजाऱ्यांचा आक्षेप: एवढं करून हा ठाम काहीच सांगत नाही. ‘गॅनोडर्मा आहे, पुढचं फोटोवरून सांगता यायचं नाही’ म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला फसवल्यासारखं वाटतं. वास्तविक गावात आडनाव कळलं म्हणून लगेच घराणं ठरवणारे खूप असतात, आडनावापाशी थांबणारा हा एकटाच. श्रावणात परड्यात उगवलेली अळंबी घेऊन कुणी दारात येतं आणि विचारतं, ‘खाल्ली तर चालेल का?’ तेव्हा तर तो नाव माहीत असूनही मान हलवतो. विषारी आणि खाण्याजोग्या अळंब्या एकमेकींसारख्या दिसतात, त्यामुळे नुसत्या नजरेच्या भरवशावर कढईत काही टाकायचं नसतं. समोरचा नाराज होऊन पिशवी उचलतो. हा त्याला फाटकाशी अडवतो, आणि विचारतो की ही शेणावर आली होती का लाकडावर.